जाऊ म्हणजे पळ

५ जाने., सोम.
प. आजही कणीक अर्धवट सोडून मोबाईल बघत बसली. कानात वायरी. धाकटी जाऊ, शिवाय पोलिसात सिलेक्शन झालेली, बोलायची सोय नाही. सासूबाई बोलल्याच, "वर्दी भेटाच्या आंधीच घरचं काम माफ का?" मी मागून मोबाईलमध्ये डोकावले. दोन चिनी बाया, कमरेला पिस्तूल, दुकानाच्या काचा फोडत खाली येत होत्या. एकीच्या कोपरातून रक्त. खरं असेल का? रात्रीपर्यंत तेच डोक्यात.

८ जाने., गुरु.
विचारलंच शेवटी. "चिनी म्हंजे हाँगकाँगचे ताई. कँटोनीज म्हनतेत त्या भाषेले. सगळ्या पोलीसवाल्या बाया. आपल्या पिक्चरमंदी इन्स्पेक्टर बाईले बचवाले हिरो येते. इथं कोनीच येत नाही. देखो तो सही!" एक वायर तिच्या कानात, एक माझ्या. चिकू माझ्या मांडीवर. तिचाच मुलगा, पण झोप आली की माझ्याकडे येतो. भांडी तशीच राहिली. राहू दे.

११ जाने., रवि.
भाऊजींनी मोबाईल टीव्हीला जोडून दिला. सासूबाईसुद्धा बसल्या, "भजन लावा" म्हणत. बांबूच्या परांचीवर दोघी चढतात, मागे गुंड. वरची खालचीला ओरडते, "जाऊ! जाऊ!"
सासूबाई ताठ झाल्या. "जावा-जावा हायेत का वं ह्या?"
हसून हसून पोट दुखलं. प. म्हणाली, "आई, त्यायच्यात जाऊ म्हंजे पळ, निघ."
"असं कसं? मंग त्या आपल्या जाऊले का म्हनत असन?"
पटलंच नाही त्यांना. पुढचा सगळा पिक्चर त्यांनी दोन जावांचा म्हणून पाहिला. "पाय, लहानीसाठी मोठीनं कशी लाथ खाल्ली!" आणि बघितलं माझ्याकडे. लेकी बोले, सुने लागे. इथे तर सुनेलाच.

प.चं पोलीस ट्रेनिंग राजनांदगावला, नऊ महिने. लेकरू नेता येत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे चिकूला ठेवायचं तर मीच. माझ्या 'हो'वर सगळं अडलंय, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
तिळगूळ देताना हे म्हणाले, "कावून अडवून राहिली तिले? लोक म्हनतीन जळते."
म्हणोत. इथल्या मरोदा वस्तीतल्या बाया तर कधीच म्हणू लागल्यात.
इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगू. जळत नाही मी. तिनं मैदानावर पळून पळून पायाची सालं काढलीत, पाहिलंय मी. मला भीती वाटते. दुर्गच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणं आम्ही बंद केलं त्याला किती वर्षं झाली. लोकांना नऊ महिन्यांनी मूल मिळतं. मला नऊ महिने सांभाळून परत द्यायचं. त्यापेक्षा नकोच ना.

१७ जाने., शनि.
दुपारी प. पळायला गेली तर तिचा मोबाईल मागून घेतला. एकटीनंच पाहिला एक. खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पळतात, म्हणून थांबवत थांबवत. आता थोडं कळतं. 'हाय' म्हणजे हो. साहेबाला 'आ-सर', बाई असेल तर 'मॅडम', आपल्यासारखंच. पिक्चर संपल्यावर शूटिंगचे तुकडे दाखवतात: नटी खरंच पडते, मानेला पट्टा, आणि हसते. म्हणजे ते रक्त खरं असू शकतं!
एक मात्र समजेना. एवढे पिक्चर पाहिले, एकीच्याही घरी लेकरू नाही. रात्री-बेरात्री फोन आला की बंदूक घेऊन निघाल्या. कशा काय?
प. आल्यावर विचारलं. ती घाम पुसत म्हणाली, "एकीच्या घरी मांजर होती, ताई."
दोघी हसलो. मग ती हसायची थांबली आणि मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

२० जाने., मंगळ.
ट्रेनिंगला जाणार की नाही ते तिला उद्या कळवायचं आहे. संध्याकाळी दोघी मेथी निवडत बसलो होतो. हे सेकंड शिफ्टला, भाऊजी रसमड्याच्या कारखान्यातून आलेले नव्हते. चिकू देठांची रेलगाडी लावत होता.
ती काही विचारेना. शेवटी मीच तोंड उघडलं. खरं ते सोडून सगळं बोलले. त्याला दूध पचत नाही, ताप लवकर चढतो, रात्री रडला तर मी काय सांगू. ती "हो ताई, हो ताई" करत राहिली. मग मी शेवटचं काढलं,
"आन तू वापस येशीन तवा हा तुयाकडं आलाच नाही तं?"
मला वाटलं, इथे ती अडेल. आई आहे. रडेल, म्हणेल राहू द्या, नाही जात.
तिनं हातातली जुडी खाली ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.
"आन आला तं, ताई?"
म्हणजे मी न बोललेलं तिला ठाऊक होतं. मेथी निवडून झाली होती तरी मी निवडत राहिले.