खाली कोण आहे?

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजचं तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. पलासिया भागातल्या एका ऑफिसात आम्ही पाच-सहा शहाणी माणसं दिवसभर बसून ठरवत होतो, की शाळकरी पोरांच्या फिटनेसचं आधी काय तपासायचं आणि दरवर्षी कशावर नजर ठेवायची. धावणं, वजन, हातांची ताकद. आणि समोर प्लेटीत कचोऱ्या! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मुलांना विचारायला मी एक प्रश्न सुचवला : खेळताना तुझ्याबरोबर कोण असतं? समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ये फिटनेस में कहाँ आता है? बाद में देखेंगे." मी हट्टाला पेटले. का, ते काही त्यांना सांगता येईना.

मिल बंद झाली तेव्हाची चाळीमागची व्यायामशाळा डोळ्यांसमोर होती. तुम्ही मिलमध्ये टाइमकीपर, आणि संध्याकाळी पोरांचे मल्लखांबाचे सर. नियम एकच, खाली कुणी उभं असल्याशिवाय वर चढायचं नाही. भोंगा थांबला तशी पोरं एकेक करून गळाली. कुणी सियागंजच्या बाजारात दुकानावर लागलं, कुणाचं घरच गावी परत गेलं. तुम्ही मात्र रोज खांबाला एरंडेल चोळताय, फाटकाकडे बघताय, आणि कुणीच येत नाही. एकदा तुम्ही यायच्या आत मी मल्लखांबाच्या दोरीवर पार वरपर्यंत चढले. वाटलं, शाबास म्हणाल. तुम्ही दारातूनच ओरडलात, "उतर! किसके भरोसे चढलीस?" मी रडतच उतरले. मग तुम्ही चपला काढून दोरीखाली उभे राहिलात आणि हळूच म्हणालात, "अब चढ बेटा. मी आहे ना खाली." पुढे कितीतरी महिने त्या एवढ्या मोठ्या जागेत आपण दोघंच. नोकरी गेल्याचं तुम्ही घरात कधी बोलला नाहीत. मला वरून तुमचं टक्कल दिसायचं आणि पसरलेले हात. तेव्हा वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी उभे आहात. आता वाटतं, वर कुणीतरी असणं तुम्हालाही हवं होतं.

आज वाद फारच वाढला तेव्हा एक तरुण सहकारी मध्ये पडला. "चलो, ट्राय करते हैं. मॅडम, आधी तुम्हीच सांगा ना, एक्सरसाइज करताना आपके साथ कौन रहता है?" सगळे हसले. मी सकाळी एकटीच चालते, घरी येऊन एकटीचाच चहा टाकते. उत्तर सोपं होतं. पण तोंडातून निघालं, "बाबा."

अध्यक्ष एकदम नरमले. "इस उम्र में भी साथ आते हैं? किस्मतवाली हैं आप." प्रश्न यादीत राहिला. तुम्ही नाही आहात, हे मी काही बोलले नाही. निघताना त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मी "हो, सांगते" म्हणून आले. म्हणून हे लिहायला बसले, बाबा, आणि पाकिटावर पत्ता काय घालू तेवढं सुचत नाही.