प्रतिवादी मिळून आले नाहीत

१६ जून २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आजचा दिवस साधा नाही. नाझर साहेबांनी, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरिष्ठांनी, टेबलावरून एक समन्स माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. प्रतिवादीचं नाव वाचलं. साहेब! म्हणजे आपले साहेब. दिल्लीतले, राष्ट्रीय नेते. देशाचं पुढं काय होणार ते टीव्हीवर सांगतात ते.

दावा छोटा आहे. साहेबांनी आपल्या तालुक्यात फार्महाऊस बांधलं. त्याच्या कंपाउंडच्या भिंतीत भागूबाई नावाच्या शेतकरी बाईंचा वहिवाटीचा रस्ता बंद झाला. रस्ता मोकळा करा, एवढंच मागणं.

बाकीचे बेलीफ एकदमच चहाला गेले. मी थांबलो. बेलीफ म्हणजे कोर्टाचे पाय. समन्स बजावल्याशिवाय दावा जागचा हलत नाही. म्हणजे एका अर्थी जज्ज साहेबसुद्धा माझ्यासाठी थांबलेले असतात. पण असो, गर्व नको.

संकल्प : उद्याच बजावणी. तंबाखू बंद. आणि नगरला अहिल्यानगर म्हणायची सवय.

१७ जून

गाडीत पेट्रोल नव्हतं. शिवाय मंगळवार.

१९ जून

गेलो. गेटवर वॉचमन आणि एक कुत्रा, दोघेही तगडे. मॅनेजर अंगदराव बुलेटवरून गेटपर्यंत आले. अतिशय सज्जन माणूस. साहेब दिल्लीला आहेत म्हणाले. चहा दिला, वर क्रीमची बिस्किटं. तुम्ही समन्स घेता का विचारलं, तर म्हणाले, मला कसला अधिकार, मी इथं झाडांना पाणी घालतो. बुलेटवरून पाणी घालतात बहुतेक.

निघताना व्हरांड्यात एक गृहस्थ झोपाळ्यावर पेपर वाचताना दिसले. चेहरा साहेबांशी बराच मिळत होता. अंगदराव म्हणाले, पाव्हणे हायेत. मोठ्या घरात नातेवाईक सारखेच दिसतात. रिपोर्ट लिहिला : प्रतिवादी मिळून आले नाहीत.

संध्याकाळी टीव्हीवर साहेबांची मुलाखत. मागं तोच व्हरांडा, तोच झोपाळा. बायकोनं, सुरेखानं, दाखवलं. मी तिला सांगितलं की हल्ली मागचं चित्र कॉम्प्युटरवर पाहिजे ते लावता येतं. तिनं चॅनेल बदललं. पटलं असावं.

तंबाखू : एकदाच.

२ जुलै

तारीख होती. समन्स बजावलेलं नाही म्हणून पुढची तारीख पडली. भागूबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. वय साठीच्या पुढं, पदर खोचलेला, पायात चिखल. म्हणाल्या, भाऊ, दिला का कागद त्यास्नी? आमचे मालक छातीच्या दुखन्यानं पडून हायेत. दवाखान्यात न्यायचं तर बाजंवर घालून वढ्यातनं न्यावं लागतंय. उद्या वढ्याला पानी आलं तर मी काय करू?

मी धीर दिला. म्हणालो, मावशी, कायद्यापुढं सगळे सारखे. फक्त वेळ लागतो. तर म्हणाल्या, सारखे हायेत तर येळ आमालाच का लागतोय?

शिक्षण कमी असलं की असले प्रश्न पडतात.

१० जुलै

आज ऑफिसात विषय निघाला. नाझर साहेबांचं मत असं की देश चालवणाऱ्या माणसाला बांधाच्या भांडणात ओढू नये. उद्या सीमेवर काही झालं आणि साहेब इथं आपल्या बाकड्यावर पुकाऱ्याची वाट बघत बसलेले असले तर? मी ठणकावून सांगितलं की कायदा म्हणजे कायदा, नेता असो नाहीतर शिपाई. मनात सांगितलं. तोंडानं म्हणालो, बरोबर आहे साहेब.

रात्रीच्या जेवणाला नीट विचार केला. नेते कायद्याच्या वर नसतातच. ते फक्त जरा उंचावर असतात, म्हणून कायद्याचा हात लांबवावा लागतो. मी लांबवणार. सोमवारपासून.

२४ जुलै

सोमवारी पोट बिघडलं होतं. आज गेलो. साहेब दिल्लीला. कायद्यात सोय आहे : प्रतिवादी सापडत नसेल तर दोन पंचांसमोर समन्स दारावर चिकटवायचं. डिंक घरून नेला होता.

पंच मिळेनात. अख्खी वाडी एकाएकी रानात गेली. मच्छिंद्र चहावाला तेवढा सापडला. म्हणाला, अण्णा, सही कशी करू, मला लिहायला येत न्हाई. त्याच्या मागच्या फळीवर त्यानंच खडूनं लिहिलं होतं : आज भेळ मिळेल. मी ते त्याच्या लक्षात आणून दिलं नाही. कुणाला उगाच लाजवू नये.

पंचांशिवायच चिकटवलं. गाडी वळवेपर्यंत वॉचमननं काढलं. मी ते पाहिलं नाही, कारण आरशावर धूळ होती.

रिपोर्टात जोराचा वारा असं कारण दिलं.

१५ ऑगस्ट, दुपारी ४

झालं! बजावलं! प्रत्यक्ष, हातात!

साहेब कॉलेजवर झेंडावंदनाला येणार हे कळल्यावर समन्स पाकिटात घालून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेबांनी फार सुंदर भाषण केलं. म्हणाले, या देशात कायद्यापुढं कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही, मीसुद्धा नाही. टाळ्या. मीही वाजवल्या, पाकीट काखेत धरून.

भाषणानंतर निवेदनं देणाऱ्यांची रांग लागली. मी रांगेत. दोन तास ऊन. शेवटी समोर पोचलो. म्हणायचं ठरवलं होतं, साहेब, मी कोर्टाचा बेलीफ. तोंडातून निघालं, साहेब, नमस्कार. त्यांनी पाकीट घेतलं, पाठीमागं पीएकडं दिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बघतो मी, तुमचं काम होऊन जाईल.

प्रत्यक्ष खांद्यावर! उजव्या.

पोचेवर सही घ्यायची राहिली. पण एवढ्या मोठ्या माणसाकडं सही मागणं बरं दिसलं नसतं. शिवाय हजार लोकांनी पाहिलं आहे.

५ सप्टेंबर

साहेबांच्या कार्यालयातून पत्र आलं. माझ्या नावानं. सुरेखाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. श्री. कानिफनाथ यांस, आपले निवेदन प्राप्त झाले, आपल्या रस्त्याच्या अडचणीची गंभीर दखल घेण्यात आली असून पुढील कार्यवाहीसाठी ते फार्महाऊसचे व्यवस्थापक अंगदराव यांच्याकडे पाठवण्यात आले आहे.

सुरेखा खूप हसली. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. गंभीर दखल असं स्पष्ट लिहिलं आहे. खाली सही आहे, शिक्क्याची का होईना.

११ सप्टेंबर

पत्र जज्ज साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, ही बजावणी नाही. नवीन समन्स काढा. पुढची तारीख नोव्हेंबरची.

भागूबाई मागं उभ्या होत्या. त्यांना समजावून सांगितलं की प्रगती आहे, साहेबांपर्यंत विषय गेला आहे. त्या म्हणाल्या, वढ्याला पानी आलंय, भाऊ. मी म्हणालो, यंदा पाऊस चांगला आहे. त्या पदर खोचून निघाल्या. ऐकू कमी येत असावं.

२३ सप्टेंबर

पाऊस. कुठं गेलो नाही.

२९ सप्टेंबर

ऑफिसात कळलं. भागूबाईंचे मालक सूर्यभान वारले. शनिवारी सकाळी छातीत दुखायला लागलं. ओढा भरून वाहत होता. अँब्युलन्स आली, पण भिंतीच्या अलीकडं. भागूबाईंनी आणि भावकीतल्या हनुमंतानं पहार घेऊन भिंत फोडली. अंगदराव अडवायला आले तेव्हा बाई म्हणाल्या म्हणे, आधी मला गाडी आत घेऊ द्या, मंग काय करायचं ते करा. सूर्यभान निम्म्या वाटेत गेले. दवाखाना दिसायच्या आधीच.

नाझर साहेब म्हणाले, वय झालं होतं. मीही म्हणालो, वय झालं होतं.

दुपारी डबा खाल्ला. मेथी होती.

१ ऑक्टोबर

हिशोब करून पाहिला. मी समन्स जूनमध्येच बजावलं असतं तरी साहेबांच्या वकिलांनी मुदत घेतली असती. मग जबाब. मग पुन्हा मुदत. सप्टेंबरपर्यंत काहीच झालं नसतं. म्हणजे माझ्यामुळं काही झालेलं नाही. सुरेखाला हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, मी कुठं काय म्हणाले?

६ ऑक्टोबर

दहावा आज होता. जायचं ठरवलं होतं. सरकारी माणसानं एका पक्षकाराकडं जाणं नियमात बसत नाही. नियम नक्की कुठला ते बघायला पाहिजे.

१३ नोव्हेंबर

साहेब संगमनेरला होते, मग मुंबईला, मग परदेशात. रिपोर्ट लिहिला. हल्ली ते वाक्य लिहायला बघावं लागत नाही, हात आपोआप लिहितो.

२० नोव्हेंबर

नाझर साहेबांनी नवीन समन्स दिलं. यावेळी खिडकीकडं बघितलं नाही. वादी : साहेब, तर्फे व्यवस्थापक अंगदराव. प्रतिवादी : भागूबाई. भिंतीची नुकसानभरपाई आणि पुन्हा भिंतीला हात लावू नये म्हणून मनाई.

दावा दाखल होऊन चार दिवस झाले होते. नाझर साहेब म्हणाले, अर्जंट आहे.

२१ नोव्हेंबर

सकाळी निघालो. पेट्रोल होतं. भिंत नवीन बांधून झालेली, पूर्वीपेक्षा उंच. ओढा आटला आहे, त्यातनं चालत गेलो. वाडीतले दोघे जण मी न सांगता पंच म्हणून बरोबर आले. अंगदरावांनी पाठवले होते.

भागूबाई कांद्याच्या रोपाला पाणी देत होत्या. मला लांबूनच ओळखलं. हात धुऊन घाईनं आल्या, घोंगडी टाकली, पाणी दिलं. म्हणाल्या, भाऊ, लागला का निकाल?

मी म्हणालो, नाही मावशी. हे दुसरं आहे. तुमच्या नावाचं.

वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं रडतील, ओरडतील. तशी तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, अंगठा कुठं करू?

जागा दाखवली. त्यांनी अंगठा केला, पदराला पुसला. मग विचारलं, यायचं कधी? मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, येते. आमी काय दिल्लीला जात न्हाई. आणि परत पाणी द्यायला गेल्या, कारण लाईट जायची वेळ झाली होती.

दुपारपर्यंत रिपोर्ट टेबलावर. पहिल्याच फेरीत बजावणी, समक्ष, पंचांसह. नाझर साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की काम असं पाहिजे.

संध्याकाळी सुरेखाला सांगितलं की आज माझं ऑफिसात कौतुक झालं. तिनं विचारलं, साहेबांना बजावलं का?

मी म्हणालो, नाही, दुसऱ्याच कुणाला तरी.

ती पुढं काही विचारेल म्हणून थांबलो होतो. तिनं ताट वाढलं.