डुलणाऱ्या मोटारसायकलीची व्यवस्था

जयभीम.

मी, तात्याराव गोविंद रामटेके, वय अडुसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त, राहणार हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि भूक उत्तम लागत असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव आहे काय? आहे. माझा मुलगा चेतन याचा. परंतु कोणाला काय द्यावे याबद्दल त्याचे काही म्हणणे नाही. मृत्युपत्र केल्याशिवाय मी मोटारसायकलीला हात लावू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

प्रकरण असे की, मी व पत्नी हिरा पुढच्या महिन्यात मोटारसायकलने नागपूरला तिच्या माहेरी जाणार आहोत. सदर मोटारसायकल आमच्या लग्नाच्या वर्षी, १९८४ साली घेतलेली, साडेतीनशे सीसीची, पुढे काच आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असलेली, लांबच्या प्रवासाची आहे. गेल्या वर्षापासून तिला खोड लागली. आम्ही दोघे बसून साठच्या पुढे गेलो की ती मागून डुलते आणि वळणावर तर पार शेपूट हलवते. (मी एकटा भाजीपलीकडे कुठे जात नाही, त्यामुळे एकट्याने किती डुलते ते माहीत नाही.) चेतन म्हणाला, "बाबा, धिस इज नॉट सेफ. एक तर गाडी विका, नाहीतर आधी विल करून ठेवा." मी लगेच कागद आणला. त्याला हे अपेक्षित नव्हते.

कलम १. राहता फ्लॅट हिराचा. तिच्या पश्चात चेतन व मुलगी अक्षता यांना निम्मा निम्मा. चेतनने बाल्कनीत ठेवलेले व्यायामाचे यंत्र त्याचेच आहे, ते त्याने माझ्या हयातीतच उचलावे.

कलम २. बँकेतील ठेवी हिराच्या. त्या किती आहेत हे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तिच्या साड्यांबद्दल मी काही लिहू शकत नाही, त्या माझ्या नाहीत. शिवाय गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सूनबाई निकिताने तिला पंजाबी ड्रेस आणून दिले, तेव्हापासून हिरा साडीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणते, उगाच इतकी वर्षं पदर सावरत बसले.

कलम ३. मांजरी रस्त्यावर गॅरेज असलेले माझे जुने मित्र हिंमतराव तुपे यांना माझ्या शोकसभेत बोलण्याची परवानगी आहे, मात्र 'टायर' हा शब्द उच्चारण्यास सक्त मनाई आहे. कारण गाडी डुलायला लागल्याबरोबर ते म्हणाले, टायर. मागचा बदलला. डुलते. पुढचा बदलला. डुलते. हवा कमी केली, वाढवली, चाकाच्या तारा ताणल्या, मागचे बुश बदलले. मी पहिल्यापासून म्हणत होतो की हँडलचा कोनसेट गेला आहे. त्यांनी तो उघडला आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्या नाकापुढे धरला, "तात्या, बघ की! हाय का कुठं खराब?" खराब नव्हता. मागच्या चाकाचे डावे-उजवे शॉकअप गळत नाहीत एवढे पाहून आम्ही पुढे गेलो होतो. त्यात नवा मागचा टायर एकाच बाजूने झिजायला लागला, तेव्हा तुपे म्हणाले, "टायरच वंगाळ." त्या दिवसापासून आमचा अबोला आहे.

कलम ४. मोटारसायकल, जो तिचे डुलणे घालवील त्याला.

कलम ५. हत्यारे. पान्यांचा संच अक्षताला, तिला त्यातले कळते. आकड्याचा पाना मात्र वेगळा ठेवावा. तो हिंमतरावांनी आमच्या लग्नात आहेर म्हणून स्वतः बनवून दिला. साडीमुळे हिरा मागे डाव्या अंगाला दोन्ही पाय सोडून बसणार, गाडी त्या बाजूला कलणार, म्हणून या पान्याने डावीकडचा शॉकअप एक घर जास्त आवळायचा, असे त्यांनी

येथे लिहिणे थांबले, कारण हिरा माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, "अहो, पण आता मी तशी कुठे बसते?"

आम्ही दोघेही जिन्यावरून पळालो. तिच्या नव्या गुडघ्यासकट. डावा शॉकअप चाळीस वर्षे जसा आवळला तसाच होता, आणि हिरा गेले वर्षभर दोन्हीकडे पाय टाकून मधोमध बसत होती. एक घर सैल केले. हिंमतरावांना फोन लावला. अबोला असल्याचे लक्षातच राहिले नाही. ते ओरडले, "आयला, मीच आवळलाय की त्यो!"

"मग टायरचं काय?"

"टायरबी वंगाळच व्हता."

लगेच सोलापूर रस्त्याला लागलो. साठ. सत्तर. वळण घेतले. गाडी सरळ! मी हेल्मेटमध्येच ओरडलो. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. मागून हिरा दोन्ही हातांनी माझे खांदे बडवत होती. "अहो, उजवीकडेपण काय काय आहे हो! आजवर मी डावीकडचंच बघत आले, आणि हे वर्षभर तर डुलण्याच्या भीतीनं डोळे मिटूनच."

मी म्हटले, परत येताना दुसरी बाजू दिसतच होती की.

"येताना मला झोप लागायची."

चाळीस वर्षे मला हे माहीत नव्हते. बरे झाले माहीत नव्हते, नाहीतर एक मैलही चालवता आली नसती.

सबब कलम ३ मागे घेतो व कलम ४ रद्द करतो. मोटारसायकल तूर्त कोणालाही देण्यात येत नाही. हिराची उजवी बाजू बघायची राहिली आहे: नागपूरची, कोल्हापूरची, नाशिकची, कोकणची. ती सगळी बघून झाल्याखेरीज मी मरणार नाही, हे या दस्ताने जाहीर करतो. चेतनने वाट पाहू नये.

ठिकाण: हडपसर, पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: तात्याराव गोविंद रामटेके

साक्षीदार:
१. श्यामसुंदर वासनिक, शेजारी
२. हिंमतराव तुपे (टायरबद्दलचे मत राखून)