आप्पांच्या धोतरातली डबी

३ जानेवारी, बुधवार
आप्पांनी आज पूजेला दोन डब्या काढल्या. एक गळ्यातली, स्वतःच्या इष्टलिंगाची. दुसरी धोतराच्या घडीतून. दोन्ही लिंगं तळहातावर घेऊन बसले. मी विचारलं, ही दुसरी कुणाची? "तुला काय करायचंय?" दोन महिने झाले, पोटच्या लेकीचं नाव त्यांना आठवत नाही. दरडावणं मात्र आठवतं.

४ जानेवारी
दुपारी ते झोपल्यावर डबी बघितली. चांदी काळी पडलेली. कडेला चार बारीक खड्डे.

ते माझे दात! आई सांगायची – दात येत होते तेव्हा तू माझ्या गळ्यातली डबीच चावायचीस.

आईला जाऊन पस्तीस वर्षं झाली. मी सहा वर्षांची होते. मला मंद्रूपला आत्याकडे धाडलं होतं. परत आले तर वळसंगच्या शेतात समाधी बांधून तयार. आमच्यात माणसाच्या हातात त्याचं लिंग देऊनच माती देतात. मग आईचं इथं कसं?

६ जानेवारी
चंद्रिकाअक्काला फोन केला. डबी कुणाची विचारलं. म्हणते, "आजीची असंल." आजी माझ्या जन्माआधीच गेली, तिची डबी मी कशी चावेन? तर म्हणाली, "ठेव होती तितं. आप्पा हायत तोवर तरी गप बस की."

म्हणजे हिला माहीत आहे. लई राग आला. आठ वर्षांनी मोठी बहीण, म्हणून जन्मभर माझं तोंड बंद करायचं.

९ जानेवारी
दूध देताना आप्पांनी मनगट धरलं. "नागव्वा." आईचं नाव. "लिंग काढून ठेव हितं. मग जा कुटं जायचं तितं."

हात सोडवताना दूध सांडलं. पुढचं ते कन्नडमध्ये पुटपुटले, मला कळलं नाही. पूजा सोडली तर गळ्यातलं लिंग आमच्यात जिवंतपणी उतरवत नाहीत.

१० जानेवारी
जेवण गेलं नाही. मठात लोक आप्पांच्या पाया पडतात. त्यांनीच माझ्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसले. त्याच हातांनी – नाही लिहवत.

१३ जानेवारी
गल्ली सगळी गड्ड्याच्या जत्रेच्या गडबडीत. अक्का आली. सरळ विचारलं, आप्पांनी आईला मारलं का?

ती भांडी घासतच राहिली. "मला त्यांची शपथ हाय. ते असेपर्यंत न्हाय बोलायची." मग म्हणाली, "आईशेजारी माती द्या म्हणतात, तेवढं होऊ दे त्यांचं."

मी म्हटलं, तिच्याशेजारी तर मुळीच नाही. पोलिसात जाईन. डबी पदराला बांधून टाकली. अक्का रडली नाही, चिडलीही नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

१४ जानेवारी
आप्पा पाणी घेत नाहीत. चमच्याने तोंड ओलं करते. मला त्यांची कीव येते आणि त्यांना हात लावायला नको वाटतो.

१६ जानेवारी
सकाळी दहाला आप्पा गेले. वाटलं होतं रडू येणार नाही. आलं.

अक्का अंगणात फोनवर होती. "सुटली शपथ. मिळंल त्या बसनं ये." कोण येतंय विचारलं, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेली.

१७ जानेवारी, वळसंग
खड्डा आईच्या समाधीला लागूनच घेतला. सगळं गाव उभं होतं; मी तोंड उघडलं नाही. मठाच्या स्वामींनी आप्पांच्या तळहातावर त्यांचं लिंग ठेवलं. बायकांच्या मागं एक म्हातारी उभी होती, गळा मोकळा, डबी नाही. अक्कानं तिचा हात धरला.

"पुढं ये की, आई."

पदरातल्या डबीची गाठ मला सुटेना.