फोमवाल्यांची उलटतपासणी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. भिंगरीने फोनमध्ये सोय करून दिली. आपण बोलायचं, फोन लिहितो, तारीखही तोच टाकतो. भिंगरी म्हणजे माझी नात, धंद्यातल्या भांडणांची वकील. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. कोर्टात तिला मॅडम म्हणतात, ते त्यांचं त्यांनी बघावं. म्हणाली, आजी, दिवसभर तू क्लायंटना जे सांगत बसतेस ना, ते याला सांगत जा. म्हणजे माझा अनुभव वाया जाऊ नये अशी पोरीची इच्छा. सूनबाई आत हसली. का ते कळलं नाही. तिचं हसू तसंही भलत्या वेळी येतं.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे इथे काय उमटतंय ते मला वाचता येत नाही. बरंच आहे. रोजनिशी इतकी खासगी की माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसची मांडणी नोंदवून ठेवते. ऑफिस घरातच, हॉल म्हणजे वेटिंग. आतली खोली म्हणजे चेंबर. पूर्वी तिथे माझा पलंग होता. मध्ये काचेचं दार. दाराबाहेर चाकांच्या खुर्चीत मी. भिंगरीचं म्हणणं, ती खुर्ची क्लायंटसाठी आणली आहे. पण ती फिरते. फिरती खुर्ची रिकामी ठेवली तर ऑफिसला शोभा काय राहिली?

मोठ्या वकिलाच्या हाताखाली बॅगा उचलून उचलून कंटाळली तेव्हा पोरीने हे ऑफिस थाटलं. आता कुठे पहिली मोठी केस आली आहे. ही टिकली तर ऑफिस टिकलं, नाहीतर पुन्हा मोठ्या वकिलाची बॅग. हे तिने मला सांगितलेलं नाही. पण काचेचं दार आवाजाला फारसं अडवत नाही.

केस गाद्यांची. दोघं भागीदार, एक कारखाना. थोरले म्हणतात, गादीत स्प्रिंगच हवी. धाकटे म्हणतात, आता जमाना फोमचा. भांडले, वेगळे झाले. धाकट्यांनी फोमच्या गाद्या काढल्या आणि त्यांवर जुन्या कारखान्याचंच नाव छापलं. आपले क्लायंट थोरले, म्हणजे स्प्रिंगवाले. निकाल लागेपर्यंत फोमवाल्यांना ते नाव वापरायची कोर्टाने बंदी घालावी, एवढंच आपलं मागणं.

माझं मत: आधी दोन्ही गाद्यांवर कोणीतरी झोपून बघायला हवं. मी तयार आहे. अजून कोणी विचारलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
स्प्रिंगवाले आले. उंच, शिडशिडीत, बसले की खुर्चीच्या कडेला बसतात. भिंगरी आत फोनवर होती. मी त्यांना धीर म्हणून माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिगत सांगितली. सारखे घड्याळ बघत होते. वेळ कसा गेला ते त्यांना कळत नसावं.

भिंगरी बाहेर येऊन म्हणाली, आजी, जरा. पुढे काहीच नाही. वकील मंडळी मोजकं बोलतात.

संकल्प: आजपासून क्लायंटला बोलू द्यायचं, आपण फक्त ऐकायचं. ऐकण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
संकल्प तंतोतंत पाळला. आज एकही क्लायंट आला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
केवढा दिवस! सावकाश सांगते.

भिंगरी कोर्टात, सूनबाई बँकेत. बेल वाजली. दारात एक गोलमटोल गृहस्थ, चेहरा लालबुंद, मुठीत कोर्टाचे कागद चुरगळलेले. वकील कुठे आहेत म्हणून ओरडले. मी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, बसा. बसले. हेच फोमवाले! नोटीस मिळाली म्हणून थेट भांडायलाच आले होते. माझे पांढरे केस, मागे पुस्तकांचं कपाट, खाली चाकं. मला म्हणाले, मोठ्या मॅडम का? मी नाही म्हटलं नाही. रागावलेल्या माणसाला उगाच कशाला दुखवा?

मग घेतली उलटतपासणी. एकदम केसवर यायचं नसतं, आधी साक्षीदाराला सैल सोडायचा असतो. भागीदारी म्हणजे काय असते हे त्यांना समजावं म्हणून मी आमच्या घरातलीच सांगितली. आमच्या ह्यांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. ते कसं निघालं, कसं चाललं, दीर कसे रुसले, कशावरून रुसले, जाऊबाईंचा त्यात हात किती. मध्ये फोमवाल्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, थांबा हो, खरी गंमत पुढेच आहे. चहा दिला. पुन्हा उघडलं. मी म्हटलं, मला कळलं तुम्हाला काय म्हणायचंय, पण आधी हे ऐका. मग विषय निघाला म्हणून माझी कंबर कशी धरते ते सांगितलं.

आले तेव्हा लाल होते, गेले तेव्हा पांढरे. उठताना भिंतीचा आधार घेतला. येतो, एवढंच म्हणाले. पोटातलं सगळं बाहेर पडलं की माणूस असाच रिकामा होतो. मी त्यांच्या मनात काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही.

भिंगरीला आत्ताच सांगणार नाही. सरप्राइज.

१२ फेब्रुवारी, बुधवार
फोमवाल्यांनी माणसाबरोबर पाठीला लावायची उशी पाठवली! फोमची. माझ्या कंबरेची हकिगत त्यांना फार लागलेली दिसते. लगेच खुर्चीत ठेवली. स्वर्ग.

एक पार्टी आपली होतीच, आता दुसरीही आपली झाली. भांडायला उरलं कोण? भिंगरीच्या हातात आयती तडजोड पडणार. मोठ्या वकिलाला कळलं की तोच तिची बॅग उचलायला येईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज जरा गडबड झाली. माझ्यामुळे नाही. लेबलामुळे.

स्प्रिंगवाले आले. मी त्यांना बसायला जागा द्यावी म्हणून उठले, इतका माझ्यात विनय, आणि त्यांची नजर उशीवर गेली. उचलली, उलटी केली, मागचं लेबल वाचलं. त्यांच्याच कारखान्याचं नाव, आत फोम. अहो, काय आवाज त्या माणसाचा! एवढ्या शिडशिडीत देहात ठेवतात कुठे? मी म्हटलं, रागावण्याआधी टेकून तर बघा. टेकले नाहीत.

भिंगरी धावत बाहेर आली. म्हणाली, आजी, ही उशी कुठून आली? मी अभिमानाने सगळं सांगितलं. फोमवाले आले, मी बसवलं, तपासलं, रिकामं करून पाठवलं. भिंगरी सोफा सोडून खाली फरशीवरच बसली. मला वाटलं, आनंदाने.

मग म्हणाली, आजी, दुसऱ्या बाजूच्या माणसाने त्याची गुपितं माझ्या ऑफिसात येऊन सांगितली असतील, तर मला ही केसच चालवता येणार नाही. दोन्हीकडची गुपितं एकाच वकिलाकडे चालत नाहीत. मी म्हटलं, अगं, उलट सोपं झालं की, आता तुला सगळंच माहीत. तिने डोळे मिटून घेतले. स्प्रिंगवाले म्हणाले, मॅडम, कोर्ट तुम्हाला काढणार असेल तर मला आत्ताच सांगा, मी तुमच्या जुन्या सरांकडे जातो.

संध्याकाळी सूनबाई उशीकडे बोट दाखवून म्हणाली, आई, आता ही तरी शांत बसेल का? उशी कधी बोलते का? सूनबाईला ऑफिसातलं काही कळत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
कोर्टाचा कागद आला. फोमवाल्यांच्या वकिलाने अर्ज टाकलाय. भिंगरीने वाचून दाखवला. आमचे अशील सदर ऑफिसात गेले असता तेथील ज्येष्ठ मॅडमनी त्यांचे सर्व म्हणणे विश्वासात घेऊन ऐकले, सबब या वकिलांना केसमधून दूर करावे.

ज्येष्ठ मॅडम! कोर्टाच्या कागदावर! शिक्क्यासकट! मी म्हटलं, भिंगरे, याची एक प्रत फ्रेम करून इथे लावू. सूनबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी फ्रेमचा विषय पुढे ढकलला.

भिंगरी जेवली नाही. ताट तसंच झाकून ठेवलं. हे मात्र मला आवडलं नाही. एवढ्या मोठ्या बातमीनंतर उपाशी कशाला राहायचं?

तरी ताटावरचं झाकण मी दोनदा उघडून बघितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
भिंगरीने मला समोर बसवलं. म्हणाली, आजी, फोमवाले नेमकं काय बोलले ते सांग. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. मी म्हटलं, विचार. पदर सावरला, खुर्ची तिच्याकडे फिरवली.

विचारलं, जुनं नाव का छापलं म्हणाले? मी म्हटलं, ते... ते म्हणणारच होते, तेवढ्यात माझे दीर रुसले. म्हणजे माझ्या गोष्टीत. विचारलं, माल कुठे कुठे पाठवलाय? म्हटलं, त्या वेळी मी चहा गाळत होते. गाळतानाही बोलत होते, पण मी. विचारलं, तडजोड करायची तयारी आहे का? म्हटलं, चेहऱ्यावरून वाटली. विचारलं, तोंडाने काय म्हणाले? मी पुष्कळ आठवलं. म्हटलं, मोठ्या मॅडम का, असं म्हणाले. आणि येतो, असं.

मधलं? मधे मी होते.

मी जसजशी अडकत गेले तसतसा भिंगरीचा चेहरा उजळत गेला. असली उलटी पोरगी बघितली नाही. शेवटी उठून मला मिठीच मारली. म्हणाली, आजी, तू कोणाचं काहीच ऐकलेलं नाहीस! सूनबाई दारातून म्हणाली, लग्न होऊन या घरात आल्यापासून मी दुसरं काय सांगतेय?

दोघी इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं. खरी गोष्ट ही की फोमवाले मुळात घुमे. आणि मला हल्ली झोप पुरत नाही. कोर्टात उभी राहिले की सगळं आठवेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार
प्रतिज्ञापत्र झालं. भिंगरीने एकेक वाक्य मोठ्याने वाचलं. मी या ऑफिसची नेमलेली कोणी नाही. मी वकील नाही. सदर गृहस्थांनी मला त्यांच्या व्यवहाराचे काहीही सांगितले नाही. सर्व वेळ मीच बोलत होते.

मी म्हटलं, सर्व वेळ नको, बहुतेक वेळ लिही. म्हणाली, आजी, शपथेवर आहे. मग म्हटलं, कोणी नाही हे तरी जरा मऊ कर. तिने माझा हात हातात घेतला, क्षणभर धरला, आणि अंगठ्याला शाई लावली.

कागदावर अंगठा मात्र झकास उमटला. एक रेघ पुसट नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कोर्ट. आमच्या हॉलपेक्षा मोठं, पण खुर्च्या फिरत नाहीत. सकाळपासून आरशासमोर भाषण पाठ केलं होतं. फोमवाले पलीकडे बसले होते. मी हात हलवला. त्यांनी घाईघाईने फाइल उघडली आणि तिच्यात डोकं घातलं.

त्यांचा वकील ज्येष्ठ मॅडम, ज्येष्ठ मॅडम करत बराच वेळ बोलला. ऐकत राहावंसं वाटत होतं. मग न्यायाधीशांनी फोमवाल्यांनाच उभं केलं. म्हणाले, या बाईंना तुम्ही काय सांगितलंत तो तपशील इथे नको, फक्त सांगितलंत की नाही ते सांगा. फोमवाल्यांनी आपल्या वकिलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घाम पुसला. म्हणाले, साहेब, खोटं कशाला बोलू. सांगायला गेलो होतो. पण यांच्या दिरांचं पूर्ण नाव मी सांगू शकतो, कंबर कुठल्या बाजूला धरते तेही सांगू शकतो. माझं काही सांगायची पाळीच आली नाही.

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा.

आता गप्प राहणं बरोबर नव्हतं. मी उठले. भिंगरीने पदर ओढला, तो सोडवून घेतला. म्हटलं, साहेब, थोडक्यात सांगते, आणि शिवणयंत्रांपासून सुरुवात केली. न्यायाधीश म्हणाले, बाई, बसा. म्हटलं, बसते, पण जाऊबाईंचा भाग राहतोय. ते म्हणाले, बाई. म्हटलं, एकच मिनिट. त्यांनी पेन वर धरलं आणि समोरच्या वकिलाला विचारलं, अजून काही पुरावा हवाय का तुम्हाला? त्याने नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर स्प्रिंगवाले भिंगरीला म्हणाले, केस तुमच्याकडेच राहू दे मॅडम. मला काही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या दिशेला वळल्याबरोबर त्यांना कुठेतरी काम आठवलं.

परतताना टॅक्सी केली. मग भिंगरीला विचारलं, अगं, खरं सांग हं, मी खरंच कोणाला बोलू देत नाही का?

ती सांगायला तोंड उघडतच होती, तेवढ्यात मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.

मग ती काही बोलली नाही. म्हणजे तिलाही पटलं.