हापशाचं गाणं

न्चिसी (मलावी), २ ऑगस्ट १९९७

ती. झिओनीताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून तू रुसली आहेस. तरी लिहितो, कारण आतून पेटलोय. फात्सानीने माझ्या तादालाला मागणी घातली आणि तिच्या मामांनी होही म्हटलं. पुढच्या महिन्यात दोन्ही घरांनी कोंबडा-कोंबडीची अदलाबदल केली की ती त्याची. फात्सानी म्हणजे परदेशी संस्थेचा तो पाणीसाहेब. त्याने आपल्याकडे बसवलेला हापसा तीन महिन्यांत कोरडा पडला.

आता त्याला तुझ्या नैरोबीत मोठी जागा हवी आहे. त्यासाठी अठ्ठावीस तारखेला वरचे पाहुणे हापसा बघायला येताहेत. आपल्या कामाबद्दल आपणच दुभाष्या व्हायचं नाही, असा त्यांचा नियम, म्हणून मला घेतलंय. बायका स्वागताचं गाणं म्हणतील. गाण्यातलं बोलणं मनावर घ्यायचं नाही, गाणं मध्ये तोडायचं नाही, हे आपल्याकडे त्यालाही पाळावंच लागेल. म्हणून त्याने मला बाजूला घेऊन बजावलं, काहीही गायल्या तरी आभार मानताहेत एवढंच सांग. मी मान डोलावली. ताई, त्याचं नाक कापल्याशिवाय मला न्सिमाचा घास उतरायचा नाही.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा,
लिंबिकानी


नैरोबी, १४ ऑगस्ट १९९७

चि. लिंबिकानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गावाला पाणी नाही याचं दुःख तुला तादालाच्या मागणीनंतरच झालं का रे? आई लिहिते, तू जेवत नाहीस. जेव आधी.

मी अशा कचेऱ्यांत बारा वर्षं काढली. नव्या साहेबाला पहिलं वर्षभर बायको आणता येत नाही, आणि वर्षभरात गावाकडची मुलगी विसरलेले आठजण मी मोजून दाखवीन. त्याला बढती मिळू दे. त्याचं कौतुक कर, हार घाल, बसमध्ये बसवून दे. याहून जालीम सूड मला सुचत नाही.

आईच्या गुडघ्याचं कळव.
तुझीच काळजी वाहणारी,
ताई


न्चिसी, ५ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं होतं. ऐकलं नाही.

बायका गायल्या: हापसा उभा नवरदेवासारखा नटून, दांडा मारला की नुसता खोकतो, फोटोत घडे भरले, पाणी होतं ओढ्याचं. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. फात्सानीचा चेहरा राखेसारखा झाला. पाहुण्यांनी दांडा मारून पाहिला आणि तिथेच सांगितलं, नैरोबी विसर. गावात राहायला ये आणि हा सुरू कर, दोन वर्षं लागली तरी चालतील. मला नाचावंसं वाटत होतं.

परतताना तादालाने वाटेत गाठलं. मला वाटलं शिव्या देईल. ती हसत होती. म्हणाली, "गाणं मीच रचलं. तो नैरोबीला गेला असता तर परत आला नसता."

मी विचारलं, आणि मी नुसते आभार सांगितले असते तर?

"तू? तू तर त्याच्यावर जळतोस. तुझ्याइतका इमानदार दुभाष्या मला कुठे मिळाला असता?"

काल फात्सानीने तिच्या मामांच्या शेजारचीच खोली घेतली. अदलाबदल पंधरा तारखेला आहे.

ताई, अंगाची अजून लाही होतेय. आता सूड कुणावर उगवायचा, तेवढं उलट टपालाने कळव.

या मूर्खाला आपलं म्हणत राहा.
तुझा,
लिंबिकानी