शेवंताच्या डोक्यावरचा हात

मंगळवार, सांज. राळेगाव

नाई, केली नाई प्रार्थना. शेजारच्या शेवंताचा नवरा काल गेला. तिच्या सासूनं मले बोलावलं. म्हने, "बाई, तू चर्चची सेवा सोडली, तरी दोन शब्द तं म्हन." जुन्या सवयीनं माहा हात शेवंताच्या डोक्यावर गेला, अन् तोंडातून काईच निंगेना. लय अवघड झालं. हात ठेवू का काढू? पयले हात ठेवला का शब्द नळावानी सुरू व्हायचे, तेबी मोठ्यानं. आमचे हे चिडवत, "देव बहिरा हाये काय वं?"

हात तसाच राहू देला. शेवंता माह्या पदरात तोंड खुपसून रडली. म्हटलं, "रड पोरी, पन नाक तुह्या पदराले पूस." रडता रडता हसली बिचारी. एवढ्या वर्सांच्या प्रार्थनेत मले कोनी असं बिलगलं नव्हतं.

मंग मीबी रडली. सासूले वाटलं, तिच्या लेकासाठी. नाई. आमचे हे गेले तवा मी सेविका होती. कबरीपाशी कोरड्या डोयानं गाणं म्हनत उभी होती. आज त्याइच्यासाठी रडली. पयल्यांदा.